बीप थांबला की ड्रोन खाली: शिरोळच्या उसात विमानांचा कानोसा घेणाऱ्या डब्याच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, शिरोळ तालुका

जुलैच्या शेवटी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. पाणी उतरल्यावर बुडालेल्या उसाचे फोटो वरून काढून द्या म्हणून दाजींना फोनावर फोन. दाजींकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे आणि दोन यंत्रं आहेत: फवारणीचा १० लिटर टाकीचा मोठा ड्रोन आणि नकाशे काढायचा २ किलोच्या आतला छोटा. आज छोटा होता. मी बॅटऱ्या धरायला.

ड्रोन ८० मीटरवर आखलेल्या रेषांवरून ये-जा करत होता. शेजारच्या विहिरीची मोटर चालू. तिच्या आवाजात दुसरा आवाज कधी मिसळला ते कळलंच नाही. भाचा ओरडला, "मामा, हेलिकॉप्टर!" बाभळींच्या मागून ते वर आलेलंच होतं. दाजींनी हाताला आलं ते बटण दाबलं, म्हणजे घरी परतायचं. आणि ड्रोन वर गेला.

या बटणानं ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि मग परत फिरतो. झाडं-तारा लागू नयेत म्हणून तशी सोय असते. आमची ती उंची ११० मीटर ठेवलेली होती. म्हणजे हेलिकॉप्टर येतंय आणि आमचा ड्रोन ३० मीटर चढून त्याला सामोरा निघालाय. हेलिकॉप्टर बरंच बाजूनं गेलं, अर्धा किलोमीटर असेल. किती उंचीवरून गेलं ते तिघांनी तीन वेगवेगळं सांगितलं.

सरकारच्या ड्रोन नकाशावर इथं ग्रीन झोन आहे. १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पण २०२१ च्या ड्रोन नियमांत हेही आहे की माणूस बसलेल्या विमानाचा हक्क पहिला, ड्रोननं त्याच्या वाटेतून बाजूला राहायचं. बाजूला व्हायचं तर ते येतंय हे आधी कळायला हवं. परतीच्या वाटेवर जयसिंगपूरला चहा घेताना ठरलं, विमानांचा कानोसा घेणारा एक डबा करायचा.

७ ऑगस्ट

वहीतला हिशेब. हेलिकॉप्टर ११० नॉट्सनं येतंय धरलं तर सेकंदाला ५७ मीटर. मोटरच्या गोंगाटात आवाज १ किलोमीटरवर ऐकू आला तर हातात १७ सेकंद. आमचा ड्रोन सेकंदाला ३ मीटरनं उतरतो, १०० वरून १५ मीटरवर यायला २८ सेकंद. म्हणजे नुसत्या कानावर भागत नाही. ५ किलोमीटरवर कळलं तर दीड मिनिट मिळतं, १० वर कळलं तर जवळपास तीन. डब्याला १० किलोमीटरचं काम द्यायचं.

डब्याआधीचा एक बदल आजच केला, फुकटात. विमान दिसलं की परतीचं बटण दाबायचं नाही. रिमोटची काडी सरळ खाली ओढायची, उसाच्या शेंड्यावर दहा-पंधरा मीटर ठेवून ड्रोन तिथंच थांबवायचा. दाजींकडून पंचवीस वेळा करून घेतलं. शेवटी म्हणाले, "पावणं, आता झोपेत पण खालीच वडतो."

१२ ते २१ ऑगस्ट

प्रवासी विमानं आणि बरीच हेलिकॉप्टरं आपली जागा, उंची आणि वेग स्वतःच रेडिओवर सांगत असतात, १०९० मेगाहर्ट्झवर, सेकंदाला साधारण दोनदा. याला एडीएस-बी म्हणतात. ते ऐकायला टीव्हीच्या जुन्या डोंगलसारखा एक यूएसबी डोंगल आणि रास्पबेरी पाय नावाचा मेमरी कार्डावर चालणारा छोटासा कॉम्प्युटर पुरतो.

पहिला डोंगल स्वस्तातला घेतला, १,३५० रुपये. वीस मिनिटांत एवढा गरम झाला की हात लावता येईना, आणि तापला की बहिरा. मला आधी वाटलं सॉफ्टवेअरचा घोळ आहे. नऊ दिवस त्यात गेले. तीनदा कार्ड पुसून पुन्हा भरलं. शेवटी दाजींनी डोंगलवर ओलं फडकं ठेवलं तर विमानं दिसायला लागली! मग धातूच्या खोक्यातला बरा डोंगल मागवला, ३,९००. पाय झीरो २ चे १,८५०, कार्डाचे ४५०.

तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि कार्ड खराब. अजून ४५०. आता नोंदी कार्डावर लिहायच्या बंद केल्या आहेत, सगळं मेमरीतच राहतं. वीज गेली तर त्या दिवसाच्या नोंदी जातात, कार्ड वाचतं.

२५ ऑगस्ट, कोल्हापूर, राजारामपुरी, घराची गच्ची

अँटेना घरीच केला. एका कनेक्टरवर घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सोलून लावली, मधली सरळ उभी आणि चार कोपऱ्यांतल्या तिरप्या खाली, कोळ्यासारख्या. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी ६९ मिलिमीटर येते. मी ६९ मोजली ती कनेक्टरच्या आतल्या पिनेसकट. ती मोजायची नसते. माप कनेक्टरच्या तोंडापासून. पुन्हा कापली.

खरी चूक केबलमध्ये होती. घरात जुनी काळी आरजी-५८ केबल १५ मीटर पडून होती, तीच वापरली. या फ्रिक्वेन्सीला एवढ्या लांबीत ती ८ डेसिबलच्या वर खाते, म्हणजे अँटेनानं पकडलेल्यातला सहावा-सातवा हिस्साच खाली पोचतो. डिशवाले वापरतात ती आरजी-६ घातली, तिथं नुकसान तीनेक डेसिबल. ती ७५ ओहमची, डोंगल ५० ओहमचा, पण त्या फरकानं काही बिघडत नाही, लोक उगाच घाबरतात. एका वेळी दिसणारी विमानं ११ वरून ३४ वर गेली. केबल आणि कनेक्टर मिळून ७८०.

दुसऱ्या दिवशी दिवसभर मी नकाशा बघत बसलो. ३५ हजार फुटांवरची विमानं अडीचशे किलोमीटरवरून दिसत होती. दाजी संध्याकाळी आले, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हे सगळं आपल्या ड्रोनला धडकणार हाय व्हय?" बरोबर आहे. साडेतीनशे फुटांच्या खाली काम करणाऱ्या माणसाला १० किलोमीटर उंचीवरच्या विमानाचं काय? लांबचं ऐकायच्या नादात खालचं ऐकायचं राहून जातं. वायव्येला जोतिबा आणि पन्हाळ्याच्या डोंगरामागं खाली उडणारं काही असेल तर ते गच्चीवरून दिसत नाही, ते डोंगर ओलांडून आल्यावरच दिसतं. घरच्या गच्चीचा आमच्या कामाला उपयोग एवढाच, की इथं बसून डबा शिकवता येतो.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. पाहुण्यांच्या गर्दीत इशाऱ्याचा प्रोग्राम लिहून पूर्ण केला. साधा पायथन: दर सेकंदाला विमानांची यादी वाचायची, १० किलोमीटरच्या आत आणि ठरलेल्या उंचीखाली कोणी असेल तर बझर.

तासभर चाललं, छान. मग बझर वाजायचा थांबला. मला वाटलं वाहतूक कमी झाली. आरती झाली, मोदक झाले, रात्री दहाला सहज बघितलं तर प्रोग्राम दुपारीच मेलेला. कारण काय? उंचीच्या रकान्यात नेहमी आकडा येतो, पण विमान जमिनीवर टेकलं की आकड्याच्या जागी "ग्राउंड" असा शब्द येतो. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, एक विमान उतरलं, माझ्या प्रोग्रामनं त्या शब्दाची आकड्याशी तुलना केली आणि जागच्या जागी आडवा पडला. दुरुस्ती दोन ओळींची.

पण रात्रभर डोक्यात राहिलं ते वेगळंच. साडेसात तास डबा मेलेला होता आणि मी त्याच्या शांततेला आकाश मोकळं समजत होतो. काल शेतात असतो तर दाजींना ड्रोन वर न्यायला मीच सांगितलं असतं. धुराची घंटा बिघडली की ती गप्पच बसते, आणि घर जळत नसलं तरी ती गप्पच असते. कसं ओळखायचं?

म्हणून उलटं केलं. सगळं ठीक असेल तर दर ३० सेकंदाला एक बारीक बीप. धोका असेल तर लांब कर्कश आवाज. आणि बीप थांबला तर तोही धोकाच, ड्रोन खाली. दाजींना आधी ते कटकटीचं वाटलं. "दिवसभर टिटवीगत काय वरडत बसणार?"

१५ सप्टेंबर

बीपची पहिली आवृत्ती चुकली. मी वेगळं घड्याळ लावून बीप वाजवत होतो. आज अँटेनाची केबल निघाली होती आणि डबा तरीही मजेत बीप देत होता. एका घड्याळानं दुसऱ्याची तब्येत कशी सांगावी?

आता बीप संदेशांच्या मोजणीला बांधला आहे. गेल्या ३० सेकंदांत एकही नवा संदेश आला नसेल तर बीप नाही. शंका होती, की खेड्यात विमानच नसेल तेव्हा? पण कोल्हापूरच्या वरून दिवसा कोणी ना कोणी मोठं विमान जातच असतं. ती ३५ हजार फुटांवरची, दाजींनी हसण्यावारी नेलेली विमानं आता आमच्या कामाची झाली. ती ऐकू येतायत तोवर डब्याचे कान शाबूत.

आणखी एक चूक आजचीच. विमान डोंगरामागं गेलं की त्याची शेवटची जागा यादीत काही वेळ तशीच राहते. प्रोग्राम त्या शिळ्या जागेवरून बझर वाजवत होता. आता १५ सेकंदांपेक्षा जुनी जागा आली तर शेवटचा वेग आणि दिशा धरून विमान आत्ता कुठं असेल ते पुढं ढकलून मोजतो, आणि एक मिनिटानंतर सोडून देतो.

२१ ते २९ सप्टेंबर: उंचीचा घोळ

या आठवड्यासाठीच खरं तर या नोंदी लिहितोय. दुसऱ्या कोणी असा डबा केला तर तो इथंच अडकणार.

ड्रोनचा रिमोट "८० मीटर" म्हणतो तेव्हा ते उड्डाणाच्या जागेपासून वर. विमान "३,००० फूट" सांगतं तेव्हा ते हवेच्या दाबावरून, आणि तेही समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं गृहीत धरून. त्या दिवशीचा खरा दाब काय आहे याच्याशी त्या आकड्याचं देणंघेणं नाही. तिसरी उंची उपग्रहावरची, तीही विमान पाठवतं, पण ती समुद्रसपाटीपासून नसून पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून असते. आपल्याकडे खरी समुद्रपातळी त्या आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे.

हे मला आधी माहीत नव्हतं. मी विमानाच्या उंचीतून शेताची उंची वजा करून "जमिनीपासून इतकं" असा आकडा दाखवत होतो आणि खूश होतो.

पडताळा उजळाईवाडीला उतरणाऱ्या विमानांवर घेतला. धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० फुटांवर. उतरताना विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे दर किलोमीटरला ५२ मीटर. ५ किलोमीटर अलीकडे ते धावपट्टीच्या वर २६० मीटर, ८६० फूट असायला हवं. मिळून २,८६०. माझ्या पडद्यावर दाबाची उंची आली ३,०००, उपग्रहाची २,६५०. एकच विमान, एकच क्षण, आणि दोन आकड्यांत साडेतीनशे फुटांचं अंतर. आमचा अख्खा ड्रोन त्या फटीत बसतो.

पावसाळ्यात दाब कमी असतो, म्हणून दाबाची उंची खऱ्यापेक्षा जास्त दिसते. ही चूक वाईट बाजूची. विमान जितकं वर दिसतं त्याहून ते खाली असतं. उपग्रहाची चूक उलटी, विमान खऱ्यापेक्षा खाली दाखवते, म्हणजे उगाच बझर वाजवते.

तीन संध्याकाळी मी दाबाची दुरुस्ती, उपग्रहाची दुरुस्ती, शेताची उंची अशी सगळी गणितं प्रोग्राममध्ये कोंबत बसलो. चौथ्या संध्याकाळी ती सगळी काढून टाकली. आपल्याला विमान आणि ड्रोनमध्ये किती फूट आहेत हे मोजायचंच नाही. कोणी इतकं जवळ आलं तर मोजत बसायला वेळ तरी कुठं आहे? आता नियम एकच: १० किलोमीटरच्या आत आणि दाबाच्या उंचीनं ५,००० फुटांच्या खाली कोणीही आलं की बझर. शिरोळच्या बाजूची जमीन १,८०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे डोक्यावर तीन हजार फूट मोकळे ठेवले. त्यात दोनशे-तीनशे फुटांच्या चुका बसून जातात. बझर कधी कधी उगाच वाजेल. वाजू दे.

६ ऑक्टोबर, शेतात पहिली चाचणी

उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून बांबूला अँटेना धरायचा क्लॅम्प करून घेतला, ३५० रुपये. "कशाला पाहिजे?" म्हणाला. विमानं ऐकायला म्हटल्यावर बिल देताना पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. डबा, बझर, वायरी ६००. पॉवर बँक १,४००.

पडद्यावर नकाशा दाखवायची हौस पहिल्या दहा मिनिटांत फिटली. उन्हात काही दिसत नाही, आणि ड्रोन चालवणाऱ्याची नजर ड्रोनवरच हवी. नकाशा बंद. फक्त आवाज, आणि पुठ्ठ्यावर आठ दिशांचे आठ दिवे. कुठून येतंय तो दिवा लागतो. भाच्यानं त्या दिशेला बघायचं.

बांबू उभा केला, बीप नाही. पाऊण तास केबल, कनेक्टर, डोंगल सगळं उलटसुलट केलं. शेवटी कळलं, बांधापलीकडे मोबाईलचा टॉवर आहे. त्याच्या नऊशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या जोरदार सिग्नलनं डोंगल बधिर होत होता. मी संवेदनशीलता कमाल, ४९.६ वर ठेवलेली. कमी करत ३८.६ वर आणल्यावर विमानं ऐकू आली. कानाशी कोणी ओरडत असताना आवाज अजून वाढवून ऐकायचा प्रयत्न करण्यातला प्रकार! नंतर १०९० चाच सिग्नल जाऊ देणारा फिल्टर घेतला, २,२००. टॉवर शेजारी नसेल तर घेऊ नका. आपल्याकडे टॉवर कुठं नसतो हा वेगळा प्रश्न.

१३ ऑक्टोबर, रुकडी आणि हातकणंगल्याच्या मध्ये

खालून येणारं खरं विमान हवं होतं म्हणून मुद्दाम विमानतळाच्या जवळ आलो. ड्रोन गाडीत, पिशवीत, चेन लावून. इथं एकाच गावात एका शेताला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा होऊ शकतो, म्हणून सांगतो: विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ६० मीटरपर्यंतच. ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. अगदी जवळ तर नादच सोडा. २ किलोमीटर अलीकडे उतरतं विमान १०५ मीटरवर असतं, म्हणजे ड्रोनच्या नेहमीच्या उंचीवर. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा झोनचा नकाशा निघताना त्याच दिवशी बघायचा, मागच्या महिन्यातला स्क्रीनशॉट चालत नाही.

सव्वा तास काही नाही. भाच्यानं दोन वडापाव संपवले. मग पूर्वेचा दिवा लागला आणि बझर वाजला. एटीआर होतं, पंख्याचं छोटं प्रवासी विमान, १० किलोमीटर बाहेर. भाच्याला डोळ्यांनी दिसायला अजून ७० सेकंद लागले, आणि तेही दिवा कुठला लागलाय हे माहीत असताना. आवाज तर त्याच्याही नंतर.

त्या ७० सेकंदांत ड्रोन १०० मीटरवरून दोनदा खाली येऊ शकतो. दाजी काही बोलले नाहीत, फक्त बांबू स्वतः उचलून गाडीत ठेवला.

१० नोव्हेंबर

निवडणुकीची धामधूम. २० तारखेला मतदान. जिल्ह्यात रोज कुठं ना कुठं सभा, आणि नेत्यांची हेलिकॉप्टरं शेताशेजारच्या मैदानात उतरतायत. आमचं काम सभेपासून लांब, दुसऱ्या गावात होतं. ड्रोन वर, डबा बीप देतोय, सगळं ठीक. आणि भाचा ओरडला.

हेलिकॉप्टर दक्षिणेकडून आलं. दिवा नाही, बझर नाही. बीप मात्र चालूच. दाजींनी काडी खाली ओढली, पंचवीस वेळा केलेलं कामाला आलं. ड्रोन उसाच्या शेंड्यावर थांबला, हेलिकॉप्टर वरून लांबनं गेलं.

घरी येऊन नोंदी तपासल्या. त्या वेळात ८० नं सुरू होणारा, म्हणजे भारतीय नोंदणीचा, एक क्रमांक यादीत होता. उंची ३,१०० फूट, सिग्नल जोरदार, पण जागा नाही. सगळी यंत्रं आपली जागा सांगत नाहीत. काही नुसती उंची सांगतात, काही तेवढंही नाही. माझा प्रोग्राम जागा नसलेल्यांना गाळून टाकत होता. जागा नाही तर अंतर काय मोजणार, म्हणून मीच तसं लिहिलं होतं. म्हणजे जे सगळ्यांत धोक्याचं, तेच मी हातानं पुसत होतो.

आता जागा नसलेला पण ५,००० फुटांखालचा आणि जोरदार सिग्नल आला तर आठही दिवे लागतात. कुठून ते माहीत नाही, पण कोणीतरी आहे.

आणि जे काहीच पाठवत नाही त्याला हा डबा आंधळाच आहे. २०१९ च्या महापुरात नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं इथं मदतीला फिरत होती. तशा वेळी डबा काय म्हणतो हे विचारायचंच नाही, ड्रोन पेटीतच. म्हणून भाचा पगारी झाला आहे, दिवसाला ४०० रुपये. काम एकच: ड्रोनकडे बघायचं नाही. आकाशाकडे बघायचं. विहिरीची मोटर चालू असेल तर मालकाला सांगून तेवढा वेळ बंद ठेवायची, हाही नियम त्यानंच काढला.

सभेच्या दिवसांबद्दल आणखी एक. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंदी, करू शकतो. काल हिरवं असलेलं शेत आज लाल असू शकतं. आम्ही नकाशा तर बघतोच, शिवाय त्या तालुक्यात सभा असेल तर कामच घेत नाही. दोन दिवसांची कमाई बुडाली. दाजींनी कुरकुर केली, पण तोंडातल्या तोंडात.

२४ नोव्हेंबर

ड्रोनवरच असा सांगणारा ट्रान्समीटर बसवला तर? हा प्रश्न आतापर्यंत चार जणांनी विचारला. हेलिकॉप्टरवाल्याला आपण दिसू, हे ऐकायला बरं वाटतं. पण १०९० हा एकच रस्ता आहे आणि सगळे त्याच रस्त्यावर बोलतात. शेकडो ड्रोन त्यावर बडबडायला लागले तर खऱ्या विमानांचे संदेश एकमेकांवर आपटून हरवतील. अमेरिकेत छोट्या ड्रोनवर खास परवानगीशिवाय हे नियमानंच बंद आहे. आपण ऐकायचं काम करायचं, बोलायचं नाही.

८ डिसेंबर

बचत गटातून फवारणीचा ड्रोन मिळालेल्या एका ताईंनी विचारलं, आम्हीही डबा घेऊ का? ड्रोन दीदी योजनेतलं यंत्र. मी नको म्हटलं. फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर असतो. उभा आडसाली ऊस धरला तरी जमिनीपासून सहा-सात मीटर. तिथं हेलिकॉप्टर येत असेल तर ते उतरतंय, आणि मग ड्रोनपेक्षा मोठा गोंधळ आधीच झालेला असणार. त्यांना धोका तारांचा आणि झाडांचा. त्यांनी पैसे त्यात घालावेत, एक माणूस बांधावर उभा करावा. आमच्यासारखं ६०-१०० मीटरवर काम करणाऱ्यालाच डब्याचा उपयोग.

खर्चाची बेरीज आज मारली: १३,३३० रुपये. त्यातले तापणाऱ्या डोंगलचे १,३५० आणि जळालेल्या कार्डाचे ४५० पाण्यात. भाच्याचा रोज वेगळा. वेळ मोजला नाही, मोजला तर अक्का दाजींना आणि मला दोघांनाही घरात घेणार नाही.

२२ डिसेंबर

मी आज शेतात नव्हतो. दाजी आणि भाचा दोघंच शिरोळला. दुपारी फोन आला.

"पावणं, बीप थांबला."

काय झालं विचारलं तर म्हणाले, ड्रोन ९० मीटरवर होता, नकाशाच्या दोनच रेषा राहिल्या होत्या. बीप आला नाही. त्यांनी मनात तीस मोजले, तरी आला नाही. काडी ओढली, ड्रोन उतरवला, मग डब्याकडे गेले. पॉवर बँक संपलेली. भाच्यानं रात्री तिच्यावर मोबाईल चार्ज केला होता.

दोन रेषा उद्या पुन्हा काढायला जावं लागणार, गाडीचं पेट्रोल वेगळं. दुसरी पॉवर बँक घेतली, ९५०. तिच्यावर मार्करनं लिहिलं आहे: मोबाईल लावू नये.